तळ्यातला स्पंज

नरकचतुर्दशीची पहाट. कळमेश्वरला ताईकडे अभ्यंगस्नानाची गडबड चालली होती. मी मुंबईहून नेलेला समुद्रातला खराखुरा स्पंज भाच्याच्या हाती दिला. उटणे चोळता चोळता त्याने विचारले, "मामा, हा कोणत्या झाडाला लागतो?"

"झाडाला नव्हे रे! प्राण्याचा सांगाडा आहे हा."

भाचा खो खो हसला. पण वाचकहो, मोठमोठे पंडितही याच प्रश्नाशी अडले होते. तोंड नाही, पोट नाही, काळीज नाही, मेंदू नाही. जन्मभर एके जागी चिकटून राहायचे. याला प्राणी म्हणावे तरी कसे? 1825 साली रॉबर्ट ग्रँट या स्कॉटिश शास्त्रज्ञाने जिवंत स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्याच्या मोठ्या छिद्रातून पाण्याची धार सारखी बाहेर पडताना दिसली. बारीक छिद्रांतून पाणी आत यायचे आणि मोठ्या छिद्रांतून बाहेर जायचे! आतल्या असंख्य पेशी चाबकासारखे शेपूट हलवून हे पाणी ओढतात आणि त्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात.

"पण मामा, समुद्र इथून केवढा दूर! मला जिवंत स्पंज कधी दिसणार?"

समुद्रच कशाला हवा? स्पंजाची काही भावंडे गोड्या पाण्यात राहतात. तळ्यातल्या दगडाविटांवर, बुडालेल्या काटक्यांवर हिरवट किंवा करडा थर दिसतो. आपण त्याला शेवाळ समजून पुढे जातो. त्याच्या अंगात मात्र काचेसारख्या बारीक सुया असतात.

या भावंडांचा अभ्यास आपल्या मुंबईतच झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतले शल्यवैद्य हेन्री जॉन कार्टर यांनी मुंबईच्या तळ्यांतले स्पंज तपासून 1849 साली त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतल्या एका जातीला 1863 साली बॉवरबँक या इंग्रज शास्त्रज्ञाने कार्टर यांचेच नाव दिले. आज ती 'युनापियस कार्टेरी' म्हणून ओळखली जाते.

या जातीची खरी करामत उन्हाळ्यात दिसते. तळे आटू लागले की स्पंज मरतो. पण मरण्यापूर्वी खसखशीएवढे गोल दाणे मागे ठेवतो. दाण्याभोवती कठीण कवच, आत जिवंत पेशींची पुरचुंडी. चिखल तडकला, ऊन रणरणले, तरी दाणा तग धरून राहतो. पाऊस पडून तळे भरले, की दाण्याच्या बारीक भोकातून पेशी बाहेर सरपटतात आणि नवा स्पंज आकार घेऊ लागतो. घरातली पुरुषमाणसे परमुलखी गेल्यावर बियाणे जपून ठेवणाऱ्या आजीसारखेच हे नव्हे काय?

मात्र दाण्याला पाण्याची वाट पाहता येते. बुजवलेल्या तळ्याची नाही. मुंबईत धोबी तलाव आहे, गोवालिया टँक आहे. नावे उरली, तळी गेली.

भाच्याने स्पंज पिळून दोरीवर वाळत घातला. "मामा, उन्हाळ्यात नक्की या. तळं आटलं की आपण दगड उलटून बघू."

जाईन म्हणतो. तोवर तळे जागेवर असले, म्हणजे मिळवली!