संगणकीय ॲनिमेशनमधील व्हीटीआर ड्रायव्हर

व्हीटीआर ड्रायव्हर ही संगणकावरील ॲनिमेशन प्रणाली आणि व्हिडिओ टेप रेकॉर्डर यांना जोडणारी लहान आज्ञावली होय. संगणकाने तयार केलेले प्रत्येक चित्र व्हिडिओ फितीवर नेमक्या जागी मुद्रित व्हावे, यासाठी ती रेकॉर्डरला आज्ञा देते आणि त्याची स्थिती वेळोवेळी विचारून घेते. या पद्धतीला एकफ्रेम मुद्रण म्हणतात. १९८० आणि १९९० च्या दशकांत दूरचित्रवाणीसाठी केलेले संगणकीय ॲनिमेशन बहुधा याच मार्गाने फितीवर उतरत असे. आता ॲनिमेशन थेट फाइलच्या रूपात साठवले जात असल्याने ही पद्धत मागे पडली आहे. मात्र जुन्या फितींचे डिजिटल रूपांतर करताना त्याच जोडणीचा आणि त्याच आज्ञांचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

हलते चित्र हे स्थिर चित्रांच्या मालिकेतून निर्माण होते. चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फिल्म क्षणभर थांबते, एका फ्रेमवर प्रकाश पडतो आणि मग फिल्म पुढे सरकते. त्यामुळे दोन फ्रेममध्ये कितीही वेळ गेला तरी चित्रीकरणात बाधा येत नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला, तो याच गुणाच्या बळावर. आगकाड्यांच्या हालचालींवर आधारलेला त्यांचा 'आगकाड्यांची मौज' हा लघुपटही एकेक फ्रेम चित्रित करूनच तयार झाला. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगचित्रपट विभागाचे काम १९५६ मध्ये सुरू झाले. तेथेही हाताने काढलेली चित्रे फिल्म कॅमेऱ्याखाली एकामागून एक ठेवून चित्रित केली जात.

ॲम्पेक्स कंपनीने व्यवहारात वापरता येईल असा पहिला व्हिडिओ टेप रेकॉर्डर १९५६ मध्ये सादर केला. त्यानंतर सोनी कंपनीचा यू-मॅटिक १९७१ मध्ये, बीटाकॅम १९८२ मध्ये आणि बीटाकॅम एसपी १९८६ मध्ये आला. या यंत्रांत फीत स्थिर वेगाने धावते आणि तिच्यावरून वेगाने फिरणारे चुंबकीय शीर्ष तिरक्या रेषांत चित्र लिहिते. फीत योग्य वेगात आल्याखेरीज चित्र नीट लिहिले जात नाही. म्हणून फिल्मप्रमाणे फीत थांबवून एकच फ्रेम लिहिणे सर्वसाधारण रेकॉर्डरला जमत नसे. ही उणीव भरून काढणे हेच व्हीटीआर ड्रायव्हरचे मुख्य काम होते.

एकफ्रेम मुद्रणाची गरज

भारतात १९८२ पासून रंगीत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि तिच्यासाठी पाल ही पद्धत स्वीकारली गेली. तीत दर सेकंदाला २५ फ्रेम असतात, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंद टिकते. ७२० गुणिले ५७६ बिंदूंच्या चित्रात प्रत्येक बिंदूला २ बाइट धरल्यास एका फ्रेमला सुमारे ८.३ लाख बाइट आणि एका सेकंदाला सुमारे २ कोटी ७ लाख बाइट लागतात. १९९० च्या सुमारास वैयक्तिक संगणकाच्या हार्ड डिस्कला एवढा मजकूर या वेगाने वाचून देणे शक्य नव्हते. शिवाय गुंतागुंतीच्या त्रिमितीय दृश्याची एक फ्रेम तयार होण्यास काही मिनिटे, कधी काही तास लागत. त्यामुळे एक चित्र तयार करावे, ते फितीवर लिहावे आणि मग पुढच्या चित्राकडे वळावे, हाच व्यवहार्य मार्ग होता.

कार्यपद्धती

एक फ्रेम मुद्रित करताना पुढील क्रिया घडतात.

१. ॲनिमेशन प्रणाली चित्र तयार करून ते व्हिडिओ कार्डाच्या स्मृतीत ठेवते. कार्ड त्याचे दूरचित्रवाणी संकेतात रूपांतर करून रेकॉर्डरला अखंड पुरवते.

२. ड्रायव्हर मुद्रणाची जागा टाइमकोडच्या रूपात ठरवतो. टाइमकोड म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेला तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम असा पत्ता.

३. रेकॉर्डर त्या जागेच्या काही सेकंद मागे जातो. या मागे जाण्याला प्रीरोल म्हणतात. तो बहुधा ५ सेकंदांचा असतो.

४. फीत पुढे धावू लागते, तिचा वेग स्थिरावतो आणि ठरलेली जागा येताच केवळ एका फ्रेमपुरते मुद्रण सुरू होऊन बंद होते.

५. फीत थोडी पुढे जाऊन थांबते. ड्रायव्हर मुद्रण यशस्वी झाल्याची खात्री करतो आणि ॲनिमेशन प्रणालीला पुढील चित्र तयार करण्याचा इशारा देतो.

यासाठी कोरी फीत चालत नाही. तिच्यावर आधी सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळे चित्र, नियंत्रण स्पंद आणि अखंड टाइमकोड लिहून घ्यावा लागतो. त्यानंतर इन्सर्ट प्रकारचे संपादन वापरले जाते. त्यात नियंत्रण स्पंदांना धक्का न लावता फक्त चित्र बदलते. असेंबल प्रकारच्या संपादनात हे स्पंदही नव्याने लिहिले जातात आणि संपादन थांबते तेथे त्यांची साखळी तुटते. म्हणून एकफ्रेम मुद्रणाला तो प्रकार उपयोगी पडत नाही.

जोडणी आणि प्रोटोकॉल

व्यावसायिक रेकॉर्डरांत सोनीचा ९ पिनांचा प्रोटोकॉल सर्वमान्य झाला आणि इतर उत्पादकांनीही तो स्वीकारला. त्याची विद्युत जोडणी आरएस-४२२ प्रकारची असते. वेग सेकंदाला ३८,४०० बिट, प्रत्येक बाइटमध्ये ८ डेटा बिट, विषम पॅरिटी, एक प्रारंभ बिट आणि एक थांबा बिट असे त्याचे स्वरूप आहे. आरएस-४२२ मध्ये प्रत्येक संकेत दोन तारांतील विद्युतदाबाच्या फरकातून वाहतो, त्यामुळे बाहेरील विद्युत गोंगाटाचा परिणाम कमी होतो. वैयक्तिक संगणकावर मात्र आरएस-२३२ प्रकारचे पोर्ट असे. दोन्हींचा जोड ९ पिनांचा दिसला तरी विद्युत रचना वेगळी असते. म्हणून मध्ये परिवर्तक किंवा स्वतंत्र नियंत्रण कार्ड बसवावे लागे.

आज्ञा षोडशमान संख्यांच्या लहान गटांत जातात. पहिल्या बाइटचा पहिला अंक आज्ञेचा प्रकार सांगतो आणि दुसरा अंक पुढे किती डेटा बाइट आहेत ते सांगतो. दुसरा बाइट प्रत्यक्ष आज्ञेचा असतो. शेवटचा बाइट आधीच्या सर्व बाइटची बेरीज असतो. तिच्यावरून संदेश वाटेत बिघडला का, ते कळते. फीत चालू करण्याची आज्ञा २०-०१-२१ अशी आहे. फीत ०१:००:१०:०३ या टाइमकोडवर नेण्याची आज्ञा २४-३१-०३-१०-००-०१-६९ अशी होते. तीत पत्ता उलट क्रमाने, म्हणजे आधी फ्रेम, मग सेकंद, मिनिट आणि तास असा लिहिलेला असतो. आज्ञा मान्य झाल्यास रेकॉर्डर १०-०१-११ असे उत्तर देतो. हे उत्तर ९ मिलिसेकंदांच्या आत यावे अशी प्रोटोकॉलची अपेक्षा असते.

ड्रायव्हरची मांडणी

ड्रायव्हर बसवल्यानंतर काही मूल्ये निश्चित करावी लागतात. त्यांतील एक चुकले तरी संपूर्ण मुद्रण वाया जाऊ शकते.

रिमोट आणि लोकल: रेकॉर्डरवरील कळ रिमोट स्थितीत नसेल, तर तो स्थितीविषयी उत्तरे देतो, पण चालवण्याच्या आज्ञा पाळत नाही.

फ्रेमदर: अमेरिकेत तयार झालेल्या प्रणालींत सेकंदाला ३० फ्रेम हे मूल्य आधीपासून ठरलेले असे. पाल पद्धतीत फ्रेमचे क्रमांक ० ते २४ एवढेच असतात. दर न बदलल्यास ड्रायव्हर अस्तित्वात नसलेल्या २५ ते २९ या फ्रेम मागतो आणि मुद्रण अडते.

प्रीरोल: हा काळ फार कमी ठेवल्यास फितीचा वेग स्थिरावत नाही. फार जास्त ठेवल्यास वेळ आणि फितीची झीज दोन्ही वाढतात.

संपादन विलंब: आज्ञा मिळाल्यापासून मुद्रण प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत काही फ्रेमचा काळ जातो. ड्रायव्हर स्वतः मुद्रणाची आज्ञा देत असेल, तर हे अंतर मोजून वजा करावे लागते. आरंभ आणि अंत यांचे टाइमकोड रेकॉर्डरला आधीच देऊन स्वयंचलित संपादन करून घेतल्यास अचूकतेची जबाबदारी रेकॉर्डरकडे जाते. संगणक अन्य कामात गुंतून ४० मिलिसेकंद उशीर झाला तरी मग फ्रेम चुकत नाही.

समक्रमण: व्हिडिओ कार्ड आणि रेकॉर्डर यांना एकाच संदर्भ संकेताशी बांधून ठेवावे लागते. पालमधील रंगसंकेताचा क्रम ४ फ्रेमनंतर पुन्हा येतो. संमिश्र संकेत वापरणाऱ्या रेकॉर्डरमध्ये रंगक्रम पाळण्याची कळ चालू राहिल्यास संपादनाची जागा एखाद-दोन फ्रेमने सरकू शकते. एकफ्रेम मुद्रणात तेवढ्याने दृश्य बिघडते.

फील्डक्रम: प्रत्येक फ्रेम दोन फील्डांची बनते. त्यांचा क्रम उलटल्यास स्थिर चित्र ठीक दिसते, पण हालचाल थरथरू लागते.

संपूर्ण दृश्य फितीवर नेण्यापूर्वी काही क्रमांकित फ्रेम मुद्रित करून त्या एकेक करून तपासण्याची रीत होती. एखादा क्रमांक गळालेला किंवा दोनदा आलेला दिसला, तर संपादन विलंब किंवा समक्रमण यांत दोष आहे असे समजत असे.

वेळ आणि झीज

प्रत्येक फ्रेमसाठी मागे जाणे, धावणे आणि थांबणे यांत २० सेकंद गेले असे धरल्यास १० सेकंदांच्या दृश्याच्या २५० फ्रेमना ५,००० सेकंद, म्हणजे सुमारे ८३ मिनिटे लागतात. त्यात चित्र तयार होण्याचा वेळ धरलेला नाही. यामुळे अशी मुद्रणे रात्रभर, देखरेखीशिवाय चालत.

फितीवरील ताणही लक्षणीय असे. प्रीरोल ५ सेकंदांचा असेल, तर एखादी फ्रेम लिहिल्यानंतर पुढील १२५ फ्रेम लिहिताना फीत दर वेळी त्याच जागेवरून पुन्हा जाते. म्हणजे दृश्य पूर्ण होण्याआधीच त्या जागेवरून शीर्ष किमान १२५ वेळा फिरलेले असते. फितीवरील चुंबकीय थर त्यामुळे झिजतो आणि चित्रात पांढरे ठिपके किंवा रेघा दिसू लागतात. म्हणून या कामासाठी उत्तम प्रतीची नवी फीत वापरत आणि मुद्रण संपताच तिची प्रत काढून घेत.

कारखान्यांतील समांतर उदाहरण

संगणकाने यंत्राला क्रमवार जोडणीतून आज्ञा द्यायची आणि यंत्राने तिची पोच द्यायची, ही कल्पना चित्रनिर्मितीपुरती मर्यादित नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. त्यानंतर पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकण या पट्ट्यात वाहने व सुटे भाग बनवणारे कारखाने वाढले. अशा कारखान्यांतील जुन्या सीएनसी यंत्रांना कामाची आज्ञावली देण्यासाठी आरएस-२३२ जोडणी वापरली जाते. पीएलसी आणि मोजमापाची उपकरणे यांच्यासाठी आरएस-४२२ आणि आरएस-४८५ प्रचलित आहेत. जुन्या सीएनसी यंत्रांत ७ डेटा बिट आणि सम पॅरिटी अशी मांडणी वारंवार आढळते. ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीच्या काळापासून चालत आली आहे.

दोन्ही क्षेत्रांतील दोषही सारखेच असतात. वेग किंवा पॅरिटी जुळली नाही तर यंत्र गप्प राहते. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या तारा उलटल्या तरी तसेच घडते. यंत्रशाळेत अशी जोडणी तपासणाऱ्या तंत्रज्ञाला ९ पिनांचा व्हिडिओ रेकॉर्डर अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

ऱ्हास

फीत न थांबवण्याच्या अडचणीवर प्रथम यंत्रांच्या पातळीवर उपाय निघाले. सोनीच्या बीव्हीएच-२५०० या एक इंची फितीच्या रेकॉर्डरमध्ये फीत थांबलेली असताना एक फ्रेम लिहिण्याची सोय होती. चित्रे चकतीवर साठवणारे डिजिटल रेकॉर्डरही आले, पण त्यांची किंमत मोठी होती. १९९० च्या दशकाच्या मध्यास चित्रसंकोचन करणारी कार्डे आणि वेगवान हार्ड डिस्क आवाक्यात आल्या. त्यानंतर सर्व फ्रेम आधी डिस्कवर साठवून संपूर्ण दृश्य एकाच धावेत फितीवर उतरवता येऊ लागले आणि एकफ्रेम मुद्रणाची गरज संपली.

सध्याचे महत्त्व

सोनीने अर्धा इंची फितीच्या रेकॉर्डरांची विक्री २०१६ मध्ये बंद केली. युनेस्कोचा 'सर्वांसाठी माहिती' कार्यक्रम आणि ध्वनी व दृक्‌श्राव्य संग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी जागतिक इशारा देणारा प्रकल्प हाती घेतला. फिती वाचणारी यंत्रे आणि त्यांचे सुटे भाग २०२५ च्या सुमारास दुर्मीळ होतील, हा त्या इशाऱ्याचा आशय होता. पुण्यातील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेत दूरचित्रवाणी विभाग १९७४ मध्ये दिल्लीहून आला. त्या काळापासून शिक्षणसंस्था, निर्मितीगृहे आणि कारखान्यांचे प्रशिक्षण विभाग यांच्यासाठी व्हिडिओ फीत हेच नेहमीचे माध्यम होते. फितींवरील मजकूर वाचवायचा असेल, तर रेकॉर्डर, आरएस-४२२ परिवर्तक आणि प्रोटोकॉल जाणणारी आज्ञावली या तिन्हींची एकत्र गरज लागते. जुन्या अनेक यू-मॅटिक यंत्रांवर ९ पिनांचा जोड नसून ३३ पिनांचा समांतर रिमोट असतो. त्यांच्यासाठी वेगळी जोडणी लागते.

या कामात ड्रायव्हरची मांडणी ॲनिमेशनच्या नेमकी उलट करावी लागते. दमट हवेत जुन्या फितीचा बंधक थर चिकट होतो आणि शीर्षावर साचतो. अशी फीत वारंवार मागेपुढे केल्यास चित्र कायमचे नष्ट होऊ शकते. म्हणून टाइमकोड शोधत फीत फिरवण्याऐवजी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाच चालवून सर्व मजकूर उतरवून घेतात आणि हवे ते भाग नंतर संगणकावर निवडतात.