नाव ‘बांबू उडी’, पण बांबू गेला कुठे? फिनलंडच्या पेंटी निकुलाने काठीच्या जोरावर विश्वविक्रम कसा केला?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला बांबू काय असतो ते सांगावं लागत नाही. घराचा कूड बांबूचा, टोपली-सूप बांबूचं, पावसाळ्यात ताटात भाजी वास्त्यांची म्हणजे बांबूच्या कोंबांची. बल्लारपूरची पेपर मिल याच बांबूच्या भरवशावर उभी राहिली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये आपल्या जंगलातला बांबू विकण्याचा हक्क मिळवला, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली.

याच बांबूच्या नावाने एक खेळ आहे. इंग्रजीत पोल व्हॉल्ट, आपल्याकडे बांबू उडी. गंमत म्हणजे मोठ्या स्पर्धांमध्ये बांबू उडीत बांबू दिसून कित्येक दशकं झाली.

मग बांबू गेला कुठे? त्याचं उत्तर फिनलंडच्या एका खेळाडूच्या कारकिर्दीत सापडतं. त्याचं नाव पेंटी निकुला.

आधी खरंच बांबू होता

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्या भागात जगातले मोठे खेळाडू बांबूनेच उडी मारायचे. बांबू हलका, आतून पोकळ, तरी मजबूत. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये रौप्य आणि कांस्य अशी दोन्ही पदकं जपानी खेळाडूंनी नेली, ती याच काळात.

बांबूचा खरा राजा मात्र अमेरिकेचा कॉर्नेलियस वॉर्मरडॅम. १९४० मध्ये १५ फूट, म्हणजे ४.५७ मीटर ओलांडणारा तो पहिला माणूस. १९४२ मध्ये त्याने ४.७७ मीटरचा विश्वविक्रम केला आणि तो तब्बल १५ वर्षं टिकला. नंतर स्टील आणि अॅल्युमिनियमच्या काठ्या आल्या, पण १९६० पर्यंत विक्रम पुढे सरकला तो जेमतेम ३ सेंटीमीटर.

माणसाची मर्यादा संपली, असं वाटावं अशी ही वेळ होती.

फायबरग्लासने काय बदललं?

हे समजायला थोडं विज्ञान लागतं, पण सोपं आहे.

खेळाडू जोरात पळत येतो. पळण्याच्या वेगातली ऊर्जा त्याला उंचीत बदलायची असते. काठी ताठ असेल, तर तिचं टोक जमिनीतल्या खाचेत रोवताक्षणी अंगाला जबर हिसका बसतो आणि बरीच ऊर्जा तिथेच वाया जाते.

काचेच्या तंतूंपासून बनलेली फायबरग्लासची काठी धनुष्यासारखी वाकते. पळण्यातली ऊर्जा ती स्वतःत साठवून घेते आणि सरळ होताना खेळाडूला वर फेकते. शिवाय काठी वाकत असल्याने ती आणखी वरच्या टोकाला धरता येते. पकड उंच, म्हणून उडीही उंच.

बांबूही थोडा वाकतो, पण इतका वाकवला तर तो मोडतो.

निकुलाचं १९६२

निकुलाचा जन्म ३ फेब्रुवारी १९३९ चा, फिनलंडमधल्या सोमेरो गावचा. या खेळाची परंपरा त्याच्या देशात आधीपासून होती. ईलेस लँडस्ट्रॉमने १९५४ आणि १९५८ अशी सलग दोन युरोपियन सुवर्णपदकं जिंकली होती आणि १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं होतं.

१९६२ साल उजाडलं आणि विक्रमांची रांगच लागली. मार्चअखेर अमेरिकेच्या जॉन युल्सेसने ४.८९ मीटर उडी मारली. एप्रिलमध्ये त्याचाच देशबंधू डेव्ह टॉर्कने ४.९३ मीटर. आणि २२ जून १९६२ रोजी फिनलंडच्या काउहावा गावात निकुलाने ४.९४ मीटर पार केले. अमेरिकेच्या हातातला विक्रम फक्त एका सेंटीमीटरने फिनलंडकडे आला.

जो विक्रम आधी १५ वर्षं हलला नव्हता, तो तीन महिन्यांच्या आत तीनदा मोडला.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा झाली. निकुलाने ४.८० मीटर उडी मारून सुवर्ण जिंकलं. कांस्यपदकही फिनलंडच्याच कौको न्यूस्त्रोमला मिळालं.

२ फेब्रुवारी १९६३, म्हणजे २४ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, पायुलाहतीच्या बंदिस्त सभागृहात निकुलाने ५.१० मीटर उडी मारली. पाच मीटरची भिंत पडली. पण तेव्हा इनडोअर विक्रमांना अधिकृत मान्यता नव्हती. त्यामुळे कागदोपत्री ५ मीटरचा पहिला विश्वविक्रम एप्रिल १९६३ मध्ये अमेरिकेच्या ब्रायन स्टर्नबर्गच्या नावावर लागला.

उडी माणसाची की काठीची?

हा वाद तेव्हा जोरात झाला. टीकाकारांचं म्हणणं होतं, हा खेळाडू नाही, ही गुलेर आहे.

पण नुसती काठी हातात आली म्हणजे उडी जमत नाही. काठी वाकलेली असताना उलटं लटकून तिच्या सरळ होण्याची अचूक वेळ साधावी लागते. जुन्या काठीची सवय असलेल्यांना ही लय नव्याने शिकावी लागली. नियमही निकुलाच्या बाजूने गेला. काठी कुठल्याही साहित्याची आणि कितीही लांबीची चालते, हा नियम आजही तसाच आहे.

१९६४ चं टोकियो ऑलिम्पिक याचा सगळ्यात चांगला पुरावा. निकुलाने तिथे ४.९० मीटर उडी मारली. चार वर्षांपूर्वी रोममध्ये ४.७० मीटरला सुवर्ण मिळालं होतं. टोकियोत ४.९० ला मिळालं सातवं स्थान. विजेत्या फ्रेड हॅन्सनची उडी होती ५.१० मीटर. नवी काठी एव्हाना सगळ्यांकडे होती, आणि आता पुन्हा माणसामाणसांतच स्पर्धा सुरू झाली होती.

आपल्यासाठी यात काय आहे?

१९८७ मध्ये विजय पाल सिंगने ५.१० मीटरचा भारतीय विक्रम केला. निकुलाची १९६३ ची उंची गाठायला आपल्याला २४ वर्षं लागली. पुढे तो विक्रम २०१८ पर्यंत, म्हणजे ३१ वर्षं कुणी मोडला नाही. २०२२ मध्ये शिवा सुब्रमण्यमने तो ५.३१ मीटरवर नेला. दरम्यान जग फार पुढे गेलं. स्वीडनच्या आर्मंड डुप्लांटिसने २०२५ मध्ये टोकियोत ६.३० मीटर उडी मारली.

बांबूच्या काळात काठी जंगलातून यायची. आज ती कारखान्यातून येते. खेळाडूचं वजन आणि वेग बघून निवडावी लागते, त्यामुळे एका काठीवर भागत नाही. लांबी इतकी की एसटीत किंवा रेल्वेच्या डब्यात नेणंही अवघड. खाली पडायला जाड फोमची गादी हवी आणि शिकवणारा प्रशिक्षक हवा. यातलं काही नसताना घरचा बांबू तोडून उंच उडीचा प्रयोग करणं जिवावर बेतू शकतं.

गडचिरोली-चंद्रपुरात पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीसाठी धावण्याचा सराव करणारी पोरं-पोरी दिसतात. पायात वेग आहे, अंगात ताकद आहे. बांबू उडीला सुरुवातीला लागतं ते हेच. पण धावायला रस्ता पुरतो. या उडीला काठी, गादी आणि शिकवणारा, हे तिन्ही लागतात.

निकुलाला ती काठी वेळेवर मिळाली आणि ती वापरायची कशी, हे तो इतरांच्या आधी शिकला. ज्यांच्या जंगलातल्या बांबूचं नाव या खेळाला मिळालं, त्यांच्या पोरांच्या हातात ती काठी अजून यायची आहे.