कप आणला, नारळ मिळाला

टॉटनहॅम हॉटस्पर ऊर्फ स्पर्सने मॅनेजर अँज पोस्टेकोग्लू यांना नारळ दिला. 6 जून 2023 ला नेमणूक, 6 जून 2025 ला निरोप. बिल्बाओत युरोपा लीगचा कप उचलल्याला 16 दिवस झाले होते. बातमी तुम्ही वाचलीच असेल, त्यामुळे ती पुन्हा सांगत नाही. मला बोलायचं आहे ते त्यावरून पेटलेल्या वादाबद्दल. हा वाद उत्तर लंडनपुरता नाही. 22 मेच्या मध्यरात्री साडेबाराला सुरू झालेली फायनल जागून पाहणारे मुंबई-पुण्यातही कमी नव्हते आणि तेही दोन तटांत वाटले गेले.

एक तट म्हणतो, 17 वर्षांनी कप आला, आणणाऱ्यालाच काढता? दुसरा म्हणतो, लीगमध्ये 17 वा नंबर, 38 सामन्यांत 22 पराभव, ठेवायचा तरी कशाला? मग तिथून गाडी खेळाडूंवर येते. मॅनेजर चांगला होता पण पोरं दुखापतींनी बेजार झाली, की पोरं चांगली होती आणि मॅनेजरनेच त्यांना पळवून पळवून मोडलं? माझ्या मते या सगळ्यात ज्याच्याकडे बोट जायला हवं तो माणूस सहीसलामत सुटतो. त्याच्याकडे येईनच. आधी क्लबच्या निवेदनाबद्दल, कारण त्यातली एक ओळ मला फार खटकली.

निवेदनात म्हटलं आहे, गेल्या 66 लीग सामन्यांत आपण 78 गुण मिळवले. 66 च का? दोन हंगामांचे सामने 76 होतात. पोस्टेकोग्लूंच्या पहिल्या 10 सामन्यांत 8 विजय, 2 बरोबरी, 26 गुण होते. स्पर्स तेव्हा गुणतक्त्यात सगळ्यांत वर होते. निवेदनात त्याचा ‘सकारात्मक सुरुवात’ एवढा उल्लेख आहे, हिशेबात मात्र ते 10 सामने वगळले. हिशेब सुरू होतो तो अकराव्या सामन्यापासून, म्हणजे 6 नोव्हेंबर 2023 च्या चेल्सीविरुद्धच्या रात्रीपासून.

त्या रात्री ज्यांनी सामना पाहिला त्यांना ती आजही आठवते. आधी रोमेरोला रेड कार्ड, मग उदोजीला. मिकी फान डे व्हेन आणि मॅडिसन दुखापतीने बाहेर. उरले नऊ जण, आणि तरीही बचावफळी उभी होती जवळजवळ मैदानाच्या मधल्या रेषेवर! चेल्सीचे खेळाडू मोकळ्या जागेत धावत सुटत होते, गोलरक्षक व्हिकारिओ पेटी सोडून बाहेर येऊन चेंडू उडवत होता. सामना 1-4 ने गेला आणि घरच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आपण असेच खेळतो, असं पोस्टेकोग्लूंनी नंतर सांगितलं. अर्ध्या चाहत्यांचं त्या क्षणी त्यांच्यावर प्रेम बसलं आणि उरलेल्या अर्ध्यांना तिथेच शंका आली. दोघांचंही बरोबर होतं असं मला वाटतं. इतकी पुढे उभी राहणारी बचावफळी वेगवान, ताजेतवाने पाय मागते, आणि दर तीन-चार दिवसांनी सामना असला की तसे पाय उरत नाहीत. 2024-25 च्या हिवाळ्यात तर फान डे व्हेन, रोमेरो, व्हिकारिओ, उदोजी यांच्यापैकी कोण ना कोण बाहेरच होतं. आर्ची ग्रे हा 18 वर्षांचा मधल्या फळीतला पोरगा आठवड्यामागून आठवडे सेंटर-बॅक म्हणून खेळत होता. या पडझडीत मॅनेजरचा वाटा नव्हता असं मी म्हणणार नाही.

पण मग याच हंगामाचं शेपूटही पाहा. 26 एप्रिलला इप्सविचची घसरण पक्की झाली. साउदॅम्प्टन आणि लेस्टर आधीच गेले होते. म्हणजे खाली जायच्या तिन्ही जागा भरल्या. स्पर्सचे तेव्हा 33 सामन्यांत 37 गुण होते आणि समोर युरोपा लीगची सेमीफायनल. पुढच्या पाच लीग सामन्यांत त्यांना एकच गुण मिळाला, कारण महत्त्वाचे खेळाडू युरोपसाठी राखून ठेवले जात होते. निर्णय उघड होता आणि योग्यही ठरला: कप आला, वर चॅम्पियन्स लीगची जागाही. नंतर त्याच पाच सामन्यांचे गुण माणसाच्या विरोधात पुरावा म्हणून मांडणं मला पटत नाही. 33 सामन्यांत 37 हेही वाईटच आहे. पण वाईट सांगायचं तर ते सांगावं.

मॅनेजर काढल्याने खरंच काय बदलतं, हे पाहायला आता बास तेर वील या डच अर्थतज्ज्ञाकडे वळतो. फुटबॉलवर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने त्यांचं काम एकदा तरी समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. त्यांनी नेदरलँड्सच्या वरिष्ठ लीगची 1986 ते 2004 ही वर्षं घेतली. ओळीने हरणाऱ्या ज्या क्लबांनी मॅनेजर काढला त्यांचं पुढे काय झालं? सावरले. निकाल सुधारले, नव्या मॅनेजरचा जयजयकार झाला. बहुतेक चर्चा इथेच थांबते. तेर वील थांबले नाहीत. त्यांनी दुसरा गठ्ठाही उघडला: तितकीच वाईट घसरण होऊनही ज्यांनी जुनाच मॅनेजर ठेवला असे क्लब. तेही सावरले, आणि काढणाऱ्यांपेक्षा काही हळू नाही.

ताप तिसऱ्या दिवशी उतरणारच असतो. दुसऱ्या रात्री ज्याने अंगारा लावला, त्याला श्रेय मिळतं. मॅनेजर नेमका तेव्हाच काढला जातो, जेव्हा संघ आपल्या कुवतीपेक्षा फार खाली गेलेला असतो. तिथून वर येण्याची शक्यताच जास्त, कारण पोस्टला लागणारे चेंडू कधीतरी आत जायला लागतात, लंगडणारे खेळाडू परत येतात, वेळापत्रकातले मोठे संघ सरतात. हे मांडलं की चाहते चिडतात. मग मॅनेजर हवाच कशाला, असं विचारतात. तेर वील तसं म्हणत नाहीत. घसरणीच्या मध्यावर माणूस बदलल्याने जे बदललंसं वाटतं ते बहुतेक तसंही बदललं असतं, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. चांगला मॅनेजर पाच वर्षांत काय उभारू शकतो, हा प्रश्नच वेगळा.

स्पर्सच्याच इतिहासात याचं उदाहरण आहे, आणि ते मला सोपं वाटत नाही. 2008 च्या फेब्रुवारीत हुआंदे रामोस यांनी चेल्सीला हरवून लीग कप आणला. बिल्बाओच्या आधीचा तो शेवटचा कप. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये 8 सामन्यांत 2 गुण झाले आणि रामोस गेले. त्यांच्या जागी हॅरी रेडनॅप आले, हंगाम आठव्या नंबरवर संपला, 2010 मध्ये संघ चौथा आला. म्हणजे काढणंच बरोबर होतं? रेडनॅप यांनी ड्रेसिंग रूममध्ये जान आणली हे खरंच. पण मॉड्रिच आणि बेल त्या संघात आधीपासून होते. अशा पोरांचा संघ कायम तळाशी राहिला नसता. किती श्रेय कुणाचं, हे तोलायला तराजू नाही, आणि चाहत्यांचा वाद जिवंत राहतो तो यामुळेच.

तराजूच्या जवळ जाणारी एक गोष्ट मात्र आहे: पगार. सायमन कूपर आणि स्टीफन झिमान्स्की यांनी ‘सॉकरनॉमिक्स’मध्ये दाखवलं की इंग्लंडमध्ये अनेक हंगामांची सरासरी घेतली तर क्लबांच्या क्रमवारीतला जवळपास 90 टक्के फरक पगारांच्या बेरजेवरून समजतो. जो जास्त पगार देतो त्याला चांगले खेळाडू मिळतात, तो वर राहतो. एका हंगामात यात बरंच इकडचं तिकडे होतं, दहा वर्षांत फारसं नाही. स्पर्सचा पगारखर्च लीगमध्ये सहाव्या-सातव्या क्रमांकाच्या आसपास असतो. त्या मापाने 17 वा नंबर भयंकर आहे, आणि मॅनेजरविरोधी तटाचा हा खरा मुद्दा आहे. तो त्यांनी मांडावा. पण त्याच मापाने पाचवा नंबर, जो पोस्टेकोग्लूंनी पहिल्या हंगामात आणला, कुवतीपेक्षा वरचा होता. तोही हॅरी केन बायर्नला गेल्यानंतर.

आणि पगार कमी का? टॉटनहॅमचं मैदान 62,850 प्रेक्षकांचं आहे. तिथे अमेरिकन फुटबॉल होतं, मोठमोठे कॉन्सर्ट होतात, तिकिटं इंग्लंडमधल्या सर्वांत महागांत मोडतात. पैसा धो-धो येतो. त्यातला निम्म्याहून कमी पगारावर जातो, आणि मोठ्या क्लबांत हे प्रमाण फारच खालचं आहे. हा निर्णय कुठल्या मॅनेजरने घेतलेला नाही. डॅनियल लेव्ही 2001 ते 2025 अध्यक्ष होते. 2024-25 च्या हंगामात चाहत्यांच्या मोर्चात एक फलक फिरत होता: 24 वर्षं, 16 मॅनेजर, 1 ट्रॉफी. बिल्बाओनंतर त्यातला शेवटचा आकडा बदलला, आणि पोस्टेकोग्लूंच्या निरोपानंतर मधलाही बदलणार होता. मोरिन्यो यांना लीग कप फायनलच्या आठवड्यातच काढलं होतं, आणि 29 वर्षांच्या रायन मेसनला त्या फायनलला उभं केलं. कॉन्टे आले, चिडले, गेले. इतक्या वेगवेगळ्या स्वभावांची, वेगवेगळा खेळ खेळवणारी माणसं एकाच जागी फसतात, तेव्हा जागा तपासायला हवी. मैदान उभारलं, क्लब कर्जात बुडू दिला नाही, याचं श्रेय लेव्हींना मी मनापासून देतो. पण खेळाडू कोणते घ्यायचे, कधी घ्यायचे, किती पगाराला, यावरचा शेवटचा शब्द त्यांचा असेल, तर जबाबदारीही तिथे पोचायला हवी होती.

चाहत्यांवर मी टीका करतोय असं वाटू नये. त्यांच्या वादातला राग मला समजतो. 3 एप्रिल 2025 ला चेल्सीच्या मैदानावर, स्टॅमफर्ड ब्रिजवर पोस्टेकोग्लूंनी लुकास बर्गवालला बाहेर घेऊन पापे सारला आत पाठवलं, तेव्हा पाहुण्यांच्या स्टँडमधल्या स्पर्सच्या चाहत्यांनी आपल्याच मॅनेजरला ऐकवलं की तुम्हाला काय चाललंय ते कळत नाही. पाचेक मिनिटांत सारने लांबून गोल मारला. पोस्टेकोग्लू त्या स्टँडकडे वळले आणि कानामागे हात धरून उभे राहिले. मग व्हीएआरने गोल रद्द केला, कारण आधी चेल्सीच्या कायसेदोवर फाउल झाला होता. सामना 0-1 ने गेला. आनंदाचा आवाज ऐकायचा होता, असं त्यांनी नंतर सांगितलं. माझ्या मते तो हात वर जायला नको होता. तिकिटाचे, प्रवासाचे पैसे भरून हरणाऱ्या संघामागे येणाऱ्यांना चिडण्याचा हक्क आहे.

पण त्याआधीच्या मे महिन्यात मँचेस्टर सिटीविरुद्ध जे झालं, तिथे मी पूर्णपणे पोस्टेकोग्लूंच्या बाजूचा आहे. स्पर्स जिंकले असते तर विजेतेपद कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलच्या हाताशी आलं असतं, म्हणून घरच्याच कित्येक प्रेक्षकांना आपला संघ हरायला हवा होता. सिटीच्या गोलवर आनंद झाला. डगआउटच्या मागे कुणीतरी तसं बोललं, तर पोस्टेकोग्लू मागे वळून त्याच्याशी भांडले, आणि सामन्यानंतर क्लबचा पायाच कच्चा असल्याचं स्पष्ट बोलून गेले. मेलबर्नमध्ये वाढलेल्या ग्रीक स्थलांतरिताच्या या मुलाने साउथ मेलबर्नच्या कर्णधारपदी असताना आपले कोच फेरेंक पुश्काश यांच्यासाठी गाडी चालवली, दुभाष्याचं काम केलं. जिंकायला आणि हल्ला करायलाच मैदानात उतरायचं, हे ते तिथे शिकले. हरण्यात समाधान मानणारं घरचं मैदान त्यांना कसं पचावं?

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर हे होत नाही. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, बालगोपाल या संघांमागे पेठाच उभ्या असतात. खेळाडू गल्लीतला असतो, कोच ओळखीचा असतो, शिव्याही तोंडावर पडतात. पण दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून आपल्या तालमीने हरावं, असं म्हणणारा माणूस संध्याकाळी पेठेत कुठल्या तोंडाने परतेल?

फायनलबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती दोन्ही तटांच्या मांडणीत बसत नाही. हट्टी म्हणून ज्यांना झोडपलं त्या पोस्टेकोग्लूंनी बिल्बाओत आपला नेहमीचा खेळ बाजूला ठेवला. मॅडिसन, कुलुसेव्स्की, बर्गवाल, तिघेही जायबंदी. मधल्या फळीत कल्पक पाय उरलेच नव्हते. ब्रेनन जॉन्सनने 42 व्या मिनिटाला कसाबसा चेंडू ढकलला आणि त्यानंतर सगळा संघ मागे बसला. प्रतिस्पर्धी संघातल्या हॉयलुंडचा हेडर गोलरेषा ओलांडणार तेवढ्यात फान डे व्हेनने हवेत उलटं झेपावून पायाने तो बाहेर काढला. 10 वर्षं या क्लबात घालवलेला कर्णधार सॉन बदली म्हणून आला आणि शेवटी बचाव करत राहिला. हे खेळाडू त्या मॅनेजरसाठी धावत होते, हे त्या रात्री दिसलं आणि निरोपानंतर त्यांनी जाहीरपणे मानलेल्या आभारांतही.

मला विचाराल तर पोस्टेकोग्लूंना नोव्हेंबरपर्यंत तरी ठेवायला हवं होतं. बचावातल्या दोन-तीन खेळाडूंची भर घालून, चॅम्पियन्स लीगचे पहिले सामने खेळवून मग काय ते ठरवता आलं असतं. तेव्हा ब्रेंटफर्डच्या थॉमस फ्रँक यांचं नाव पुढे होतं. कुणीही आलं तरी 13 ऑगस्ट 2025 ला उडिनेत सुपर कपसाठी पॅरिस सेंट-जर्मेनशी भिडायचं होतं. त्याआधी सेंटर-बॅक, मधल्या फळीतला खेळाडू, गोल मारणारा विंगर, असं सगळं बाजारात शोधायचं होतं. त्या खरेदीच्या चेकवर सही कुणाची असेल हे तेव्हा ठरलेलंच होतं. पराभवांची रांग लागली, तर चाहत्यांनी सुरुवात अशा सहीपासून करावी.