गतिसंवेदी कॅमेरे आणि घरातील उजेड

हातात काहीही न धरता, केवळ अंगविक्षेपांनी पडद्यावरील खेळ खेळावयाचा, ही कल्पना सोनी कंपनीने २००३ साली ‘प्लेस्टेशन २’साठी काढलेल्या ‘आयटॉय’ या कॅमेऱ्याने लोकप्रिय केली. पुढील दहा वर्षांत अशी आणखी काही उपकरणे निघाली. त्यांची तुलना करताना चित्राच्या सुस्पष्टतेवर भर देण्याचा प्रघात आहे. परंतु हा निकष दुय्यम होय. कॅमेरा कोणत्या प्रकाशावर विसंबून आहे आणि त्यातून तो नेमके काय मोजतो, हे आधी पाहिले पाहिजे.

‘आयटॉय’ची रीत साधी होती. लागोपाठ घेतलेल्या दोन चित्रांची बिंदुशः वजाबाकी करावयाची आणि जेथे फरक आढळेल तेथे हालचाल झाली असे मानावयाचे. यामुळे स्तब्ध उभा राहिलेला खेळाडू त्यास जणू दिसतच नाही; उलट वाऱ्याने हललेला पडदा मात्र खेळात भाग घेतो! खोलीत उजेड कमी असला की ही वजाबाकी अविश्वसनीय ठरते. २००७ सालच्या ‘प्लेस्टेशन आय’मध्ये सेकंदाला ६० चित्रे घेण्याची सोय होती. २०१० साली त्याच्या जोडीला ‘मूव्ह’ हा हातात धरावयाचा दांडा आला. त्याच्या टोकावरील प्रकाशमान गोळ्याचा खरा आकार यंत्राला ठाऊक असल्यामुळे, तो चित्रात किती लहान दिसतो यावरून त्याचे अंतर काढता येते. मात्र हे अंतर गोळ्याचे. खेळाडूच्या उर्वरित देहाचे नव्हे.

नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स ३६०’साठी आणलेल्या ‘किनेक्ट’ने हा प्रश्न निराळ्या तऱ्हेने सोडविला. हे उपकरण आपला प्रकाश स्वतःच पुरविते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचे असंख्य ठिपके ते खोलीभर फेकते, आणि शेजारचा कॅमेरा ते ठिपके आपल्या अपेक्षित जागेपासून किती सरकले हे पाहतो. प्रक्षेपक, कॅमेरा आणि वस्तू यांच्या त्रिकोणाचा पाया ज्ञात असल्याने अंतर गणिताने निघते. विल्यम लॅम्बटन याने हिंदुस्थानची भूमी ज्या त्रिकोणमितीने मोजली आणि ती मोजता मोजता १८२३ साली हिंगणघाट येथे देह ठेवला, तीच ही भूमिती. येथे पाया मात्र काही सेंटिमीटरांचाच. म्हणूनच अंतर वाढते तशी चूक त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मिळालेल्या अंतरचित्रातील प्रत्येक बिंदू शरीराच्या ३१ भागांपैकी कोणत्या भागाचा, हे यंत्र पूर्वी शिकविलेल्या असंख्य नमुन्यांवरून ठरविते व त्यावरून सांध्यांच्या जागा काढते. पायघोळ वस्त्रांत पायांची ठेवण झाकली गेली, तर त्याचा अंदाज डळमळतो.

२०१३ सालच्या दुसऱ्या ‘किनेक्ट’ने ठिपके सोडून प्रकाशाच्या प्रवासकालाचा आश्रय घेतला. दोन मीटरांवरील वस्तूपर्यंत जाऊन परत येण्यास प्रकाशास सुमारे १३ नॅनोसेकंद लागतात. इतका अल्प काळ थेट न मोजता, स्पंदित प्रकाशाच्या जाणाऱ्या व परतणाऱ्या लहरींतील कलांतर मोजले जाते.

ही उपकरणे बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या गावी एखाद्या घरात मांडली, तर काय होईल? दुपारी उघड्या दारातून आत येणाऱ्या उन्हात अवरक्त किरण विपुल असतात. त्यांत पहिल्या ‘किनेक्ट’चे ठिपके बुडून जातात. त्याच वेळी ‘आयटॉय’ मात्र उत्तम चालेल. रात्री वीज मंद असताना परिस्थिती नेमकी उलटी होते. शिवाय पहिल्या ‘किनेक्ट’ला एका खेळाडूसाठी सुमारे सहा फूट व दोघांसाठी आठ फूट अंतर लागते. दोन खणांच्या खोलीत कपाट आणि खाट मांडल्यावर एवढी मोकळी जागा उरणे कठीण. याचा अर्थ असा की, जे यंत्र अधिक प्रगत ते अशा घरास अधिक योग्य, हे गृहीत धरता येत नाही. दिवसा खेळणाऱ्या मुलांसाठी जुने ‘आयटॉय’च सरस ठरण्याचा संभव आहे.

मायक्रोसॉफ्टने २०१७ साली खेळांसाठीच्या ‘किनेक्ट’चे उत्पादन थांबविले. पहिल्या ‘किनेक्ट’चे तंत्र देणारी ‘प्राइमसेन्स’ ही इस्रायली कंपनी ॲपलने २०१३ मध्येच विकत घेतली होती. २०१७ च्या ‘आयफोन टेन’मध्ये मालकाचा चेहरा ओळखण्यासाठी अवरक्त ठिपक्यांचीच योजना आहे, तेथे चेहरा मात्र हातभर अंतरावर असतो.