स्कोप बिघडतो तो कपाटात

टिपेश्वर अभयारण्यात वाघ पाहायला जाणाऱ्याला स्पॉटिंग स्कोपचा, म्हणजे ट्रायपॉडवर लावायच्या ताकदवान दुर्बिणीचा, फारसा उपयोग नाही. जिप्सीत ट्रायपॉड उभा राहत नाही आणि सागाच्या दाट जंगलात लांबचे दिसतेच काय! या यंत्राची खरी जागा म्हणजे बाभुळगावकडचा बेंबळा किंवा पुसदकडचा इसापूर, अशा धरणांचा काठ. हिवाळ्यात पाण्याच्या मध्यावर बसलेले चक्रवाक ८ पटींच्या दुर्बिणीत नुसते ठिपके वाटतात. तिथे २० ते ६० पटींचा स्कोप लागतो. म्हणजे यवतमाळ जिल्ह्यात तो थंडीचे चार महिने राबतो आणि एरवी बहुतेक पडून असतो. तरी निगा म्हटली की लोकांना काठावरची धूळ आणि आदळआपटच आठवते. माझ्या मते स्कोपचे खरे नुकसान पावसाळ्यात, कपाटातल्या बंद बॅगेत होते.

तिथे बुरशी धरते. कापडी बॅग ओल सोडत नाही. भिंगावर राहिलेली धूळ आणि बोटांचा, पापण्यांचा तेलकटपणा हे बुरशीचे खाद्य. आधी टॉर्च तिरपा मारला तरच कोळिष्टकासारखे तंतू दिसतात. पुढे बुरशीची आम्ले भिंगावरचा लेप आणि मग काचही खातात. तंतू पुसता येतात, खाल्लेली काच भरून येत नाही. कुणी म्हणेल, आताचे चांगले स्कोप नायट्रोजन भरून सीलबंद केलेले असतात, मग भीती कसली? पण नायट्रोजन असतो नळीच्या आत. बाहेरच्या काचांना त्याचा आधार नाही, काढता येणारा आयपीस, म्हणजे डोळ्याकडचा भाग, बऱ्याचदा तितका सीलबंद नसतो आणि रबरी सीलही वर्षांगणिक कडक होत जातात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत स्कोप ठेवला तर लवकरच. म्हणून जूनमध्ये स्कोप बॅगेतून काढून, कोरडा करून, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा. आर्द्रता ४० ते ५० टक्के पुरे.

मग रोज पुसावा का? नाही. धुळीत वाळूचे कण असतात; कोरड्या फडक्याने घासले की लेपावर ओरखडे उठतात. आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि डाग उरलाच तर द्रव काचेवर न टाकता कापडावर घेऊन हलक्या हाताने पुसावे. धक्का बसल्याची शंका आली तर सकाळच्या उन्हात विजेच्या खांबावरच्या इन्सुलेटरवर चमकणारा बिंदू फोकस करून मग फोकस किंचित बिघडवावा. कडी गोल आणि एककेंद्री उमटली तर ठीक. एका बाजूला ओढलेली दिसली तर बहुधा प्रिझम किंवा भिंग हलले आहे. दुपारी ही परीक्षा नको, तापलेली हवा सगळेच थरथरवते. दुरुस्तीसाठी स्कोप मोठ्या शहरात पाठवावा लागतो, म्हणून घरीच उघडण्याचा मोह होतो. सीलबंद नळी मात्र उघडू नये; नायट्रोजन गेला की तो घरी भरता येत नाही आणि प्रिझमची मांडणी नुसत्या नजरेने जुळत नाही. स्वस्त, सील नसलेल्या स्कोपचा आयपीस खोलायचाच असेल तर प्रत्येक भिंगाच्या कडेवर पेन्सिलीने बाणाची खूण करावी, नाहीतर कोणती बाजू डोळ्याकडे होती हे नंतर कळत नाही.