अळंबीला छत्री कशी मिळते?

पावसाळ्यात कुजक्या लाकडावर, शेणाच्या ढिगावर रातोरात छोट्या छत्र्या उगवतात. मराठीत त्यांना अळंबी किंवा भूछत्र म्हणतात. उर्दूत आपण खुंबी म्हणतो. काही जण 'कुत्र्याची छत्री' असेही म्हणतात. बिचाऱ्या कुत्र्याचा तिच्याशी काहीएक संबंध नाही!

एवढी छत्री एका रात्रीत कशी तयार होते? खरे म्हणजे ती एका रात्रीत तयार होतच नाही. अळंबीचे मुख्य शरीर लाकडात किंवा मातीत लपलेले असते. ते केसाहून बारीक तंतूंचे जाळे असते. या जाळ्यावर आधी लहानशी गाठ बनते. देठ आणि टोपी गाठीतच आकार घेतात. मग पेशी पाणी शोषून भराभर लांबतात आणि छत्री उघडते.

पण साध्या तंतूंना छत्री बनायचे कसे कळते? हा आराखडा पेशीतील जनुकांत असतो. जनुके सर्व पेशींत असतात, पण सगळी एकाच वेळी जागी नसतात. एखादे जनुक बिघडले, की त्याचे काम काय होते ते लक्षात येते.

शेणावर उगवणाऱ्या एका अळंबीवर जपानमधील मुरागुची आणि कामादा या शास्त्रज्ञांनी असेच संशोधन केले. १९९८ साली त्यांनी दाखवले, की एक जनुक बिघडले तर टोपी तयारच होत नाही. दुसरे बिघडले तर देठ आखूड राहतो. याच अळंबीचा एक 'आंधळा' प्रकारही सापडला आहे! निळा प्रकाश ओळखणारे त्याचे जनुक बिघडलेले असते. त्यामुळे उजेडात असूनही तो अंधारात असल्यासारखा वाढतो. खालचा भाग लांबत जातो आणि टोपी अर्धवट राहते. म्हणजे आराखडा घरात असला, तरी काम सुरू व्हायला बाहेरून इशारा लागतो.

वाळलेल्या फांद्यांवर पंख्यासारखी, पांढुरकी अळंबी तुम्ही पाहिली असेल. २०१० साली तिची सुमारे तेरा हजार जनुके नोंदली गेली. त्यांपैकी एक काढून टाकले तेव्हा अळंबी उगवलीच नाही. दुसरे काढले तेव्हा मात्र नेहमीपेक्षा जास्त उगवल्या, पण लहान लहान! हे दुसरे जनुक लगाम घालणारे होते. मला तर हेच सर्वांत नवलाचे वाटते.

या माहितीचा माणसांना उपयोगही होतो. महाराष्ट्रात पेंढ्यावर धिंगरी अळंबी पिकवतात. तिच्या टोपीखालून असंख्य बीजाणू हवेत उडतात. बंद खोलीत ते रोज श्वासावाटे आत गेले, तर कामगारांना खोकला, ताप आणि दम्यासारखा त्रास होतो. बीजाणू तयार होताना लागणारे एक जनुक निकामी असेल, तर टोपी, देठ सारे नेहमीसारखे वाढते, पण बीजाणू बनत नाहीत. धिंगरीचे असे वाण आता तयार झाले आहेत.