‘बीव्हर’चे गणगोत

माणसांप्रमाणे शब्दांनाही कुळ असते. इंग्रजीतील ‘बीव्हर’ हा शब्द पाहा. युरोप व उत्तर अमेरिकेतील नद्यांवर झाडे कुरतडून बांध घालणारा, दाट तपकिरी लवेचा हा प्राणी. त्याच्या लवेच्या टोप्या होत; म्हणून टोपीलाही ‘बीव्हर’ म्हणू लागले. या कातड्यांच्या व्यापारासाठी १६७० साली लंडनमध्ये हडसन बे कंपनी स्थापन झाली.

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील भुताने मात्र आपला ‘बीव्हर’ वर केलेला असतो. तेथे प्राणी शोधू नये! तो शिरस्त्राणाचा चेहरा झाकणारा भाग. हा शब्द लहान मुलाच्या लाळेऱ्यासाठी असलेल्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आला. उच्चार एक, कुळे दोन.

प्राणिवाचक ‘बीव्हर’चे भाऊबंद म्हणजे जर्मन ‘बीबर’, लॅटिन ‘फिबेर’ आणि आपला संस्कृत ‘बभ्रु’! बभ्रु म्हणजे पिंगट. ऋग्वेदात रुद्राला हे विशेषण लावले आहे. भारतात बीव्हर आढळत नाही. संस्कृतात ‘बभ्रु’ हे नाव मुंगसालाही आहे. आणि इंग्रजीतील ‘मंगूस’ हा शब्द मराठी ‘मुंगूस’वरून गेला, असे इंग्रजी कोशच सांगतात.

ज्यांच्या घरात इंग्रजी पुस्तक प्रथमच आले, अशा आम्हा विद्यार्थ्यांना ती भाषा परक्या वाड्यासारखी वाटते. पण मित्रहो, शब्दकोशात अर्थाशेजारची व्युत्पत्तीही वाचा. त्या वाड्यात आपले काही नातलग पूर्वीपासूनच राहत आहेत.